आजीपर्यंत पोचलेला फोटो : रॉ फाइलचे जेपेग कसे करावे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आजीला अकरा फोटो पाठवले आणि तिला त्यातला एकही दिसला नाही. दुसऱ्या दिवशी एक पाठवला. तो दिसला, पण तो पाहून ती इतकी घाबरली की तिने बाबांना ड्युटीवर असताना फोन केला. हे दोन्ही घोटाळे का झाले आणि मग मी काय शिकलो, ते या लेखात सांगणार आहे. आपल्या फोटोग्राफी क्लबमध्ये नवीन आलेल्या ज्युनिअर्सना आणि घरी कॅमेरा असणाऱ्या पालकांना याचा उपयोग होईल असे वाटते.

बाबा सैन्यात आहेत आणि त्यांची बदली कोलकात्याला झाल्याला सव्वा वर्ष झाले होते. दिवाळीत त्यांना रजा मिळाली नाही, म्हणून मामा मला पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेसने त्यांच्याकडे घेऊन गेले. आजी मात्र खटाव तालुक्यातल्या आमच्या गावी होती. एवढा प्रवास तिला झेपत नाही. निघताना फोनवर ती म्हणाली, "तुझ्या बाचा चांगला फोटू काढून धाड. लई दिस झालं त्याला बघितल्याला." व्हिडिओ कॉलवर तिला नीट दिसत नाही, कारण गावात रेंज येते-जाते.

शेजारच्या क्वार्टरमधल्या काकांनी त्यांचा निकॉनचा जुना कॅमेरा दिला. देताना एवढेच म्हणाले, "रॉवर लावलाय, तसाच राहू दे." छावणीच्या हद्दीत कॅमेरा बॅगेतच ठेवायचा हे मला सांगावे लागत नाही. बाहेर मात्र मी मनसोक्त फोटो काढले. हावडा ब्रिज, व्हिक्टोरिया मेमोरियल, कुमारटुलीतल्या अर्धवट रंगवलेल्या मूर्ती. संध्याकाळी आम्ही प्रिन्सेप घाटावर गेलो. ब्राह्मी लिपी वाचणाऱ्या जेम्स प्रिन्सेपच्या नावाचा हा घाट, आणि त्याच्या बाजूलाच विद्यासागर सेतू. परतताना एका टपरीवर बाबांनी मातीच्या भांड्यात चहा घेतला. वर पिवळा बल्ब होता, मागे पिवळी अँबेसेडर टॅक्सी उभी होती. बाबा कशावर तरी हसले आणि मी बटण दाबले. आजीसाठी हाच फोटो, हे मी तिथेच ठरवले.

रात्री कार्डावरून अकरा फाइली घेतल्या आणि चुलतभावाच्या फोनवर पाठवल्या. नावापुढे 'एनईएफ' अशी अक्षरे होती, त्यांचा अर्थ मला माहीत नव्हता. भावाच्या फोनवर अकरा राखाडी चौकटी आल्या. एकही उघडेना. आजी शेजाऱ्यांना सांगत राहिली की नातवाने फोटो पाठवलेत, पण फोनला ते दिसत नाहीत.

आता फाइल का उघडली नाही ते पाहू.

कॅमेऱ्याच्या आत फिल्मच्या जागी सेन्सर असतो. त्यावर लाखो छोटे चौकोन असतात. काकांच्या कॅमेऱ्यात २ कोटी ४० लाख होते, म्हणजे २४ मेगापिक्सेल. प्रत्येक चौकोन फक्त 'किती उजेड पडला' एवढेच मोजतो. रंग त्याला कळत नाही. म्हणून प्रत्येकावर एक रंगीत काच बसवलेली असते. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चे. परेड ग्राउंडवर चार-चार कॅडेट्सचे चौकोन उभे आहेत असे समजा. प्रत्येक चौकोनात दोघांना हिरवा चष्मा, एकाला लाल, एकाला निळा. कुणालाही पूर्ण दृश्य दिसत नाही. प्रत्येकाचा रिपोर्ट एका रंगाचा. रॉ फाइल म्हणजे हे सगळे रिपोर्ट, जसेच्या तसे, एका गठ्ठ्यात. शेजाऱ्यांचे रिपोर्ट ताडून प्रत्येक जागेचे तिन्ही रंग ठरवणे हे काम अजून व्हायचे असते. ते काम झाले की मग तो फोटो.

त्यात भर म्हणजे प्रत्येक कंपनीचा गठ्ठा बांधण्याचा प्रकार वेगळा. निकॉनची एनईएफ, कॅननची सीआर२ किंवा सीआर३, सोनीची एआरडब्ल्यू. ॲडोबी कंपनीने २००४ मध्ये सर्वांसाठी एकच असावी म्हणून डीएनजी आणली. अनेक फोन रॉ फोटो काढतात तेव्हा डीएनजीच देतात. पण साध्या फोनला यातले सगळे प्रकार उघडता येत नाहीत. जेपेग मात्र कुठल्याही फोनवर, संगणकावर, स्टुडिओत उघडते. हे मानक १९९२ साली मंजूर झाले. गंमत म्हणजे विद्यासागर सेतूही त्याच वर्षी खुला झाला.

तुम्ही विचाराल, मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो कसा दिसत होता? मलाही हाच प्रश्न पडला होता. रॉ फाइलच्या पोटात कॅमेरा एक छोटे तयार जेपेग ठेवून देतो आणि पडद्यावर तेच दाखवतो. म्हणूनच रॉ फाइल संगणकावर पहिल्यांदा उघडली की ती फिकी आणि मलूल दिसते आणि नवशिका म्हणतो, "माझा फोटो बिघडला." बिघडलेला नसतो. अजून शिजलेला नसतो.

आमचे सर याला पीठ आणि भाकरी म्हणतात. पीठ हातात असेल तर भाकरी करता येते, थालीपीठ करता येते, आज एक आणि उद्या दुसरे. भाकरीचे परत पीठ होत नाही. जेपेग ही भाकरी. हे नुसते बोलण्यापुरते नाही, त्यात आकडे आहेत. १४ बिटची रॉ फाइल प्रत्येक चौकोनाचा उजेड १६,३८४ पायऱ्यांत नोंदवते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात. फोटो जसाच्या तसा बघायचा असेल तर २५६ पुरतात, डोळ्याला फरक कळत नाही. पण अंधारा भाग उजळ करायला घेतला की कमी पडतात. हावडा ब्रिजमागचे संध्याकाळचे आकाश मी जेपेगमध्ये उजळवून पाहिले, तर निळ्यापासून केशरीपर्यंत अलगद बदलणाऱ्या रंगाऐवजी जिन्यासारखे पट्टे आले. तेच रॉवर केले तर आकाश सलग राहिले. कुमारटुलीच्या कोंदट शेडमध्ये तर रॉशिवाय माझे काही खरे नव्हते. तिथे दारातून येणारा उजेड आणि आतला अंधार यांत फार तफावत असते.

रॉ म्हणजे जादू नव्हे हेही सांगतो. भर दुपारी मी व्हिक्टोरिया मेमोरियलचे फोटो काढले. पांढरा मकराना संगमरवर, वरून कडक ऊन. जिथे चौकोन उजेडाने काठोकाठ भरून वाहिला, तिथे रिपोर्टच 'भरले' एवढा आला. नक्षी परत आणता आली नाही. थोडासा उजेड जास्त झाला असेल तर रॉ सावरते. पूर्ण पांढरे झालेले गेले ते गेले.

तर दुसऱ्या दिवशी काय झाले ते ऐका. सकाळी मी घाईत फुकट रूपांतर करून देणारे एक संकेतस्थळ शोधले आणि चार फाइली तिथे चढवल्या. दोन मिनिटांत जेपेग हातात. टपरीवरचा फोटो भावाला पाठवून दिला आणि नाश्त्याला गेलो. तासाभरात आजीचा फोन बाबांना. "आरं, तुला कावीळ झालीया का? पोरानं फोटू धाडलाय, निस्ता पिवळाधमक दिसतुयास. खरं सांग मला." बाबांनी तिला समजावता समजावता घाम गाळला. तरी तिने संध्याकाळी आईला वेगळा फोन करून खात्री करून घेतलीच.

बाबा घरी आले. कावीळवरून हसले. मग त्यांनी विचारले, "हे बदलून कुठे घेतलेस?" मी सांगितले. त्यांनी विचारले, "म्हणजे आपले फोटो आता कुणाच्या मशीनवर आहेत?" मला उत्तर देता आले नाही. चारमधला एक फोटो क्वार्टरच्या गॅलरीत काढलेला होता. बाबा बनियनवर उभे, आणि मागे, मोठे करून पाहिले तर वाचता येईल असा एक बोर्ड. कॅमेरा हद्दीत बाहेर काढायचा नाही हे मला माहीत होते. घराची गॅलरी म्हणजेही हद्दच, हे मात्र मी सोयीस्करपणे विसरलो होतो. बाबांनी आवाज चढवला नाही. चहा पीत बसले, बराच वेळ. ओरडले असते तर बरे झाले असते.

तो फोटो मी कार्डावरून आणि फोनवरून पुसला. संकेतस्थळावरून पुसला गेला की नाही हे मला कधीच कळणार नाही. म्हणून पहिली गोष्ट हीच लिहितो की रूपांतर आपल्याच संगणकावर करा. त्यासाठी पैसे लागत नाहीत. निकॉनचे एनएक्स स्टुडिओ आणि कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल ही त्या त्या कंपनीची मोफत सॉफ्टवेअर आहेत. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन कुठल्याही कंपनीच्या कॅमेऱ्याला चालतात आणि तीही मोफत आहेत. फोनवर डीएनजीसाठी स्नॅपसीड पुरते. एकदा उतरवून घेतली की ही सगळी इंटरनेट बंद असतानाही चालतात. काकांच्या लॅपटॉपवर डार्कटेबल होते. त्यांनी मला शेजारी बसवले आणि माउस माझ्याच हातात दिला.

प्रथम फाइली कार्डावरून लॅपटॉपवर कॉपी केल्या. कार्ड लगेच पुसायचे नाही, ही काकांची पहिली ताकीद. मग डार्कटेबलमध्ये टपरीचा फोटो उघडला. फिका, आणि पिवळा.

पिवळा का, याचे उत्तर माझ्याच चुकीत होते. दिव्याच्या उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात. दुपारचे ऊन साधारण ५५०० केल्व्हिन, जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब २८०० च्या आसपास. आपला मेंदू हे आपोआप सांभाळून घेतो, म्हणून बल्बखालीही पांढरा सदरा आपल्याला पांढराच दिसतो. कॅमेऱ्याला सांगावे लागते, आणि या सांगण्याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. मी दुपारी व्हिक्टोरियाला 'ऊन' लावले होते आणि रात्री बदलायला विसरलो. संकेतस्थळाने तीच नोंद खरी मानून भाकरी भाजली. पण रॉमध्ये व्हाइट बॅलन्स ही नुसती सोबतची चिठ्ठी असते. मोजलेला उजेड तिने बदलत नाही, त्यामुळे चिठ्ठी नंतर फाडून नवी लिहिता येते. जेपेगमध्ये ती पिठात मळली गेलेली असते.

डार्कटेबलमध्ये व्हाइट बॅलन्सच्या जागी ड्रॉपरचे चिन्ह आहे. ते घेऊन फोटोतल्या पांढऱ्या किंवा राखाडी वस्तूवर टेकवायचे. मी बाबांच्या सदऱ्याच्या कॉलरवर टेकवले. क्षणात बाबांचा चेहरा माणसाचा झाला, आणि मागची टॅक्सी पिवळीच राहिली. हीच माझी कसोटी होती. टॅक्सी पिवळी, बाबा नाहीत. ड्रॉपर टेकवायची वस्तू त्याच दिव्याखाली हवी, हे लक्षात ठेवा. माझ्या दुसऱ्या एका फोटोत मी लांबच्या पांढऱ्या ट्यूबलाइटखालच्या भिंतीवर टेकवले, आणि पुन्हा गोंधळ.

सरांचे आणि माझे इथे एकमत नाही. सर म्हणतात, पांढरे ते पांढरेच हवे. मला मात्र वाटते की बल्ब पिवळा होता, संध्याकाळ होती, तर थोडी ऊब फोटोत राहावी. मी ड्रॉपरने आलेल्या आकड्यापासून किंचित पिवळ्याकडे सरकवले. आजीने कावीळ म्हणू नये एवढेच.

त्यानंतर एक्स्पोजर. टपरीच्या छपराची सावली बाबांच्या कपाळावर होती, म्हणून थोडे उजळवले. उजळवले की सावलीत रांगोळीच्या दाण्यांसारखे ठिपके दिसू लागतात. त्यांना नॉइज म्हणतात आणि ते कमी करायची सोय असते. मी ती सोय इतकी वापरली की बाबा कुमारटुलीतल्या ताज्या लिंपलेल्या मूर्तीसारखे गुळगुळीत झाले. डोळ्यांजवळच्या सुरकुत्या गायब. काका म्हणाले, "आईला आपला मुलगा बघायचा आहे." मी अर्ध्यावर आणले. ठिपके थोडे राहिले, राहू दिले. धारदारपणा, रंग गडद करणे वगैरे पट्ट्या पुष्कळ आहेत. सुरुवातीला त्यांना हात लावू नका. व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर आणि सरळ क्षितिज एवढे जमले की दहातले आठ फोटो मार्गी लागतात.

यातल्या कुठल्याही कृतीने मूळ एनईएफ फाइल बदलत नाही. डार्कटेबल तिच्याशेजारी एक्सएमपी नावाची छोटी फाइल लिहिते, त्यात आपण काय काय केले एवढेच असते. उद्या मन बदलले तर सगळे पुसून पहिल्यापासून करता येते.

शेवटी निर्यात, म्हणजे एक्स्पोर्ट. इथे पाठवायचे कुणाला हे आधी ठरवावे लागते. फोनवर बघायला लांब बाजू २०४८ पिक्सेल भरपूर होते. गुणवत्तेचा आकडा १०० च्या ऐवजी ८५ ते ९० ठेवा. डोळ्याला फरक दिसत नाही आणि फाइल खूप लहान होते. माझी २८ एमबीची एनईएफ साधारण ७०० केबीची जेपेग झाली. रंगपद्धती विचारली तर एसआरजीबी निवडा. ॲडोबी आरजीबी ऐकायला भारी वाटते, पण पुष्कळ फोनवर आणि साध्या स्टुडिओत रंग मरगळलेले येतात.

छापायचे असेल तर हिशेब वेगळा. एका इंचाला ३०० पिक्सेल धरतात. ६ बाय ४ इंचाला १८०० बाय १२००, आणि ८ बाय १२ इंचाला २४०० बाय ३६००. माझा फोटो ६००० बाय ४००० चा होता, म्हणून मोठी छपाई सहज निघाली, आणि ८ बाय १२ चे प्रमाण कॅमेऱ्याच्या चौकटीइतकेच असल्याने कडाही कापाव्या लागल्या नाहीत. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ते आणखी दाबून लहान करते. स्टुडिओला पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी जाते. आणि जेपेग उघडून, थोडे बदलून, पुन्हा जेपेग म्हणूनच सेव्ह करत राहू नका. दर वेळी थोडा तपशील झिजतो. बदल करायचा असेल तर रॉकडे परत जा.

डॉक्युमेंटची फाइल जशीच्या तशी जाते, यात आपल्यासारख्यांसाठी एक गोम आहे. प्रत्येक फोटोच्या पोटात न दिसणारी माहिती असते. तारीख, वेळ, कॅमेऱ्याचे मॉडेल, आणि फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटो काढल्याची नेमकी जागा. ज्याला ती फाइल मिळाली, त्याला नकाशावर बोट ठेवता येते. डार्कटेबलमध्ये निर्यात करतानाच ठरवता येते की जागेची माहिती बरोबर जाऊ द्यायची नाही. विंडोजमध्ये जेपेगवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि खाली वैयक्तिक माहिती काढून टाकण्याचा पर्याय आहे. आपल्यापैकी अनेकांचे वडील किंवा भाऊ गणवेशात आहेत. ही एक मिनिटाची सवय आहे. आणि फोटोत डोळ्याला दिसणारे बोर्ड, नंबर, गेट कुठलेही सॉफ्टवेअर काढत नाही. ते आपणच मोठे करून, चारही कोपरे बघून तपासायचे. मी आता परेडची पाहणी करावी तसा डावीकडून उजवीकडे फोटो पाहतो.

रॉ फाइली ठेवायच्या किती? माझा मित्र म्हणतो, जेपेग झाले की रॉ उडव, जागा खातात. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी काका मला एस. एन. बॅनर्जी रोडवर घेऊन गेले आणि एक इमारत दाखवली. तिथे बोर्न अँड शेफर्ड हा स्टुडिओ होता. १८६०च्या दशकात सुरू झालेला. १९११ च्या दिल्ली दरबाराचे अधिकृत फोटो त्यांनी काढले होते. १९९१ मध्ये आग लागली आणि जुन्या संग्रहाचा फार मोठा भाग जळाला. २०१६ मध्ये स्टुडिओ बंद झाला. तिथल्या निगेटिव्ह म्हणजे त्या काळची रॉ फाइल. ज्यांच्याकडे छापलेले फोटो होते त्यांच्या भिंतीवर ते राहिले, पण निगेटिव्ह गेली की नवी प्रत निघत नाही. काका पुढे काही बोलले नाहीत, आम्ही ट्रामच्या रुळांपर्यंत चालत गेलो. त्या रात्री मी उरलेल्या फाइली काकांच्या लॅपटॉपवर आणि एका पेन ड्राइव्हवर, अशा दोन ठिकाणी ठेवल्या. वाईट फोटो मात्र निर्दयपणे काढले. दोनशे ऐंशीतले एकशे दहा उरले.

टपरीचा फोटो तिसऱ्यांदा पाठवला. या वेळी भावाने आजीला फोन लावून दिला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आता माझा पोरगा दिसला बघ. केसं पांढरी झाली रं त्याची." मग लगेच बाबांशी बोलायला मागितले.

येताना पुण्यात ८ बाय १२ ची एक प्रत छापून घेतली आणि मामांबरोबर गावी पाठवली. देवघराशेजारच्या भिंतीवर आहे. मागच्या बाजूला मी पेन्सिलीने एनईएफ फाइलचा क्रमांक लिहून ठेवला आहे, म्हणजे दुसरी प्रत लागली तर कुठली फाइल काढायची ते कळेल.